आदल्या दिवशीचा फोन

ज्यांचं अजून काही जळालेलं नाही, त्यांच्याकडे जाणं हे माझं काम. जळाल्यावर जाणारा माणूस वेगळा असतो. दुकान, गोदाम, पिठाची गिरणी, लहानसा कारखाना, कुणीही विम्यासाठी अर्ज केला की पॉलिसी देण्याआधी कंपनी जागा बघायला माणूस पाठवते. नगर जिल्ह्यात बऱ्याचदा तो माणूस मी असायचो. वायरिंग उघडी आहे का, माल छताला भिडवलाय का, आग विझवायला काय ठेवलंय, दारं किती आणि ती खरोखर उघडतात का, शेजारी वेल्डिंगवाला तर नाही ना. फोटो काढायचे, फॉर्म भरायचा, खाली सही करायची. ती जागा जन्मात न बघणारा पुण्यातला एखादा साहेब मग माझ्या सहीवर ठरवतो, विमा द्यायचा की नाही आणि किती हप्त्याला.

मी मुळात कमी बोलतो. लोक त्याला सज्जनपणा समजतात. बायकोही बरीच वर्षं तसंच समजत होती.

सुरुवातीला मी न कळवता जायचो. नियमात कळवूनच जा असं नव्हतं आणि न कळवता जा असंही नव्हतं. पण मालक जागेवर नसायचा, चाव्या भलत्याच्याच खिशात असायच्या, एकदा तर तेलाच्या घाण्यावर कुत्र्यानं माझी पँट फाडली. मग एका एजंटानं शहाणपण शिकवलं. "साहेब, आदल्या दिवशी एक फोन टाकत जा. त्यांचंही बरं, आपलंही बरं."

त्या दिवसापासून मी फोन टाकू लागलो. "उद्या अकराच्या सुमारास येतो." एवढंच वाक्य. त्या एका वाक्यानं किती जागा स्वच्छ झाल्या, सांगून खरं वाटणार नाही. मी पोचायचो तेव्हा जमीन पाणी मारून झाडलेली, बादल्यांत ताजी वाळू, लोंबणाऱ्या वायरींवर नवी पट्टी आणि भिंतीला आग विझवायचे लाल सिलिंडर. त्यातल्या एका सिलिंडरच्या पोटाला वाटीएवढा पोचा होता. तो पोचा मी एकाच महिन्यात केडगावच्या लाकूड वखारीत, एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या कारखान्यात आणि सावेडीच्या एका शोरूममध्ये पाहिला. सिलिंडर भाड्यानं देणारा माणूस ओळखीचाच होता. तिसऱ्या वेळी त्याला म्हणालो, "अरे, याला एकदा ठोकून तरी घे."

तो हसला. "तुम्ही दुसऱ्या बाजूनं फोटो काढा की साहेब!"

मी दुसऱ्या बाजूनं काढला. आम्ही दोघं हसलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं सगळं या हसण्यातूनच आलं. मी कुणाकडून पैसे खाल्ले नाहीत. खाल्ले असते तर निदान कशासाठी केलं हे तरी सांगता आलं असतं.

ते गोदाम भिंगारच्या पुढे, पाथर्डी रस्त्याला. फोमच्या गाद्या, उशा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या असा सगळा घाऊक माल. मालकाला फोन करून मी गुरुवारी येतो म्हणून कळवलं. बुधवारी पाथर्डीत दुसरं काम होतं, ते फिसकटलं. दुपारी मोटरसायकलवरून परत येताना गोदाम रस्त्यातच लागलं. पुन्हा पेट्रोल कशाला जाळा, आजच उरकू, असं म्हणून थांबलो. आदल्या दिवशीचा फोन झाला होता, पण ज्या दिवसासाठी केला होता तो अजून उजाडायचा होता.

शटरला बाहेरून कुलूप. मी वळणार तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला.

"कोन हाय?"

मी दचकलोच. "शेठ आहेत का?"

"जेवाया गेल्यात. येतील आर्ध्या घंट्यानं. लिंबाखाली बसा, सावली हाय."

"तुम्ही आत कशा?"

"आमी हितंच ऱ्हातो."

"आणि कुलूप?"

"शेठ लावून जात्यात. माल हाय ना." मग आतल्या आत हसल्याचं ऐकू आलं. "आमी काय पळून जातोय व्हय? पळंल तर मालच पळंल."

मी रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली बसलो. शटर बंद, आत माणसं, आणि त्यांच्याभोवती फोम. माझा धंदाच असा की हे चित्र मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फोम पेटला की धुरानंच माणूस आडवा होतो, ज्वाळा नंतर येतात.

मालक आला. चांगला माणूस. खोटं कशाला बोलू, आजही मला तो चांगलाच वाटतो. त्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "साहेब, तुम्ही तर उद्याचं म्हणाला होतात."

आणि मी, पाहणी करायला आलेला माणूस, त्याला म्हणालो, "हो हो, माझंच चुकलं."

आत गाद्यांचे गठ्ठे पत्र्यापर्यंत गेलेले. मागचं दार होतं, पण त्याच्यापुढे माणसाच्या दुप्पट उंचीची थप्पी. त्या थप्पीच्या बाजूला प्लायवूड उभं करून खोली केलेली. त्यात ती बाई, तिचा नवरा, एक गॅसची शेगडी, दोरीवर कपडे, आणि प्लायवर खडूनं लिहिलेलं शाळेचं वेळापत्रक. नवरा रात्रभर राखण करायचा आणि दिवसा झोपायचा. डोळे चोळत उठला, सदरा घातला आणि मला बसायला स्वतःची उशी दिली.

"च्या टाक," तो बायकोला म्हणाला. "सायेब उन्हातून आल्यात."

मालक माझ्याकडे बघत उभा राहिला. मी नको म्हणालो नाही.

चहा उकळेपर्यंत ती बोलत होती. माणसं पाथर्डीकडची. लग्न झाल्यापासून दरसाल ऊसतोडीला जायची. तिकडे नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. दिवाळी झाली की गाव सोडायचं, कारखान्याच्या पट्ट्यात पाचटाच्या खोपीत राहायचं, पोरगी शाळेतून काढून बरोबर न्यायची. गेल्या दोन हंगामांत मात्र ते गेले नव्हते.

"मुकादम दारात आलता," ती सांगत होती. "म्हनलं, न्हाई बाबा, आमाला आता पक्की खोली हाय. पोरगी भिंगारच्या साळंत जाती. दोन वर्सं झाली, एकाच साळंत!" एकाच साळंत हे तिनं असं म्हटलं, जसं दुसरं कुणी बंगला बांधला म्हणून सांगेल. मग माझ्या खिशातल्या व्हिजिटिंग कार्डांकडे बोट केलं. "त्ये इंग्लिश हाय का? द्या की एक. पोरीला दावते. वाचती ती."

मी कार्ड दिलं. चहा प्यालो. आलं घातलेला, गोड चहा होता.

बाहेर येऊन मालक हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, माणूस गरीब आहे. राहू दिलंय. तुम्ही म्हणाल तर उद्या काढतो."

इथे मला दोन वाक्यं बोलायची होती. मागचं दार मोकळं करा आणि माणसं आत असताना बाहेरून कुलूप लावू नका. एवढंच. विमा मिळो न मिळो, ही दोन वाक्यं मला कुणाला विचारून बोलायची नव्हती. पण ती बोललो असतो तर मी बुधवारी आत शिरलो होतो हे मान्य करावं लागलं असतं, मग फॉर्ममध्ये ते लिहावं लागलं असतं, मग कंपनीनं नाही म्हटलं असतं, मग एजंट तोंड फिरवून बसला असता. मी म्हणालो, "उद्या येतो. आज मी आलोच नाही असं समजा."

त्याचा चेहरा इतका हलका झाला की मलाही बरं वाटलं.

गुरुवारी अकराला गेलो. गोदाम ओळखू येत नव्हतं. मागच्या दारापुढची थप्पी हलवलेली, दार सताड उघडं, त्यातून वारा येत होता. प्लायच्या खोलीत उशांचे गठ्ठे रचलेले. भिंतीला सहा लाल सिलिंडर, त्यात माझा पोचेवाला मित्र. खडूचं वेळापत्रक मात्र पुसायचं राहिलं होतं. फोटो काढताना मी दोन पावलं डावीकडे सरकलो, म्हणजे ते चौकटीबाहेर गेलं. कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं सरकलो.

फॉर्ममध्ये प्रश्न आहेत. बाहेर पडण्याचे मार्ग किती? दोन, मोकळे. आवारात स्वयंपाक होतो का? नाही. आवारात कोणी वास्तव्य करते का? नाही. तिन्ही उत्तरं मी गोदामात उभं राहूनच भरली. त्या क्षणी ती तिन्ही खरी होती. या खरेपणाचा मला पुढे फार उपयोग झाला.

बाहेर आलो तर पलीकडे लिंबाखाली ती दोघं बोचक्यावर बसलेली. बाजूला शेगडी, गुंडाळलेलं अंथरूण. पोरगी शेगडीला टेकून उभी. सामानाची राखण करायला म्हणून तिची शाळा त्या दिवशी बुडवली होती. तिच्या हातात माझं कार्ड होतं. मला बघून तिनं माझं नाव एकेक अक्षर लावत वाचलं आणि आईकडे पाहिलं, बरोबर आहे ना म्हणून.

बाई उठून दोन पावलं पुढे आली. "झालं का सायेब? जाऊ का आता आत?"

मी मान हलवली. म्हणजे, आत जायची परवानगी मीच दिली.

आग लागली ती त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, भर दुपारी. मला एजंटाच्या फोनवरून कळलं. "आपलं ते गादीचं गोदाम गेलं साहेब. शॉर्टसर्किट दिसतंय. पण तुमचा रिपोर्ट एकदम क्लीन आहे, काळजी नको."

"माणसं?"

"वॉचमन होता, वाचला. हात भाजलेत म्हणे."

बाई पोरीला आणायला शाळेत गेली होती, मालक जेवायला. शटरला नेहमीसारखं बाहेरून कुलूप. मागच्या दारापुढे थप्पी पुन्हा होती तशी लागली होती. ती गुरुवारी संध्याकाळीच लागली असणार. आत झोपलेल्या नवऱ्यानं वितळणारे गठ्ठे हातांनी ओढून काढले, आणि दाराचा लोखंडी अडसर, जो तोवर तव्यासारखा तापला होता, दोन्ही हातांनी धरून उचलला. बाहेर पडला तेव्हा तळहाताचं कातडं अडसरालाच राहिलं होतं.

नंतर दावा तपासायला कंपनीचा दुसरा सर्व्हेअर आला. त्याला राखेत शेगडी सापडली. माझ्या रिपोर्टात तर तिथे स्वयंपाकही नव्हता आणि माणूसही राहत नव्हता. मालकापुढे दोनच वाटा होत्या. आपण लपवलं म्हणायचं आणि दावा घालवायचा, किंवा माणसावर ढकलायचं. त्यानं सांगितलं, हा फक्त रात्रीचा राखणदार, दिवसा आत चोरून राहत होता, शेगडीही त्यानं चोरूनच आणली. बाहेरून कुलूप असताना माणूस चोरून आत कसा राहील, हे कुणी विचारलं नाही. ज्यांनी विचारायला हवं होतं, अशा माणसांत मी पहिला होतो.

आठवड्यानं ती बाई माझ्या घरी आली. कार्डावरच्या पत्त्यावर, पोरीकडून वाचून घेऊन. बायकोनं तिला पाणी दिलं. ती खुर्चीत बसली नाही, खालीच बसली.

"सायेब, गावात म्हनत्यात, ह्यानंच पेटवलं. आता राखनीला कोन ठेवंल ह्याला? तुमी आलता की. तुमी च्या पिलाव आमच्यात. तेवडं सांगा. आमी चोरून ऱ्हात न्हवतो, एवडंच सांगा. दुसरं काय न्हाई मागत."

"बघतो," मी म्हणालो.

"बघायचं काय त्यात? पिलाव न्हाई का तुमी?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा म्हणालो, "बघतो."

ती गेल्यावर बायकोनं विचारलं, "चहा प्यायला होतात का हो?"

"कामाचं असतं काहीतरी," मी म्हणालो. त्यानंतर तिनं मला त्याबद्दल काही विचारलं नाही. आधी मी बोलत नसे, आता तीही बोलेना. मला सज्जन समजणं तिनं त्या दिवशी सोडलं.

दोन दिवसांनी त्या सर्व्हेअरचा फोन आला. सरळ माणूस होता, आवाजावरून तरुण वाटला. "सर, फाइल बंद करायच्या आधी एकदा विचारतो. तिथं कुटुंब राहत होतं का? वॉचमनची बायको म्हणते, तुम्ही पाहिलंय."

मी खिडकीपाशी उभा होतो. समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं. मी म्हणालो, "मी पाहणी केली त्या दिवशी तिथं कोणी राहत नव्हतं. फोटो आहेत."

"ओके सर. थँक यू."

एकही शब्द खोटा नव्हता.

दावा मंजूर झाला. पोलिसांत आकस्मिक जळीत म्हणून नोंद झाली, गुन्हा कुणावरच नाही. मालकानं एमआयडीसीकडे नवं गोदाम घेतलं आणि त्याच्या पाहणीचं काम माझ्याकडेच आलं. मी आदल्या दिवशी फोन केला. तेही लिहितो, कारण ते राहिलं तर बाकीचं सगळं लिहून उपयोग नाही.

दिवाळीनंतर पाथर्डीच्या स्टँडजवळ मी चहाच्या टपरीवर उभा होतो. ऊसतोडीला निघालेल्या ट्रकमध्ये भांडी, सरपण, कोंबड्या, लेकरं चढत होती. मुकादम वहीतली नावं पुकारत होता आणि प्रत्येक जोडीला "एक कोयता" म्हणून खूण करत होता. मग त्यानं एका बाईकडे बघून म्हटलं, "तुजा अर्धा. वर चढ." एकट्या माणसाला तिकडे अर्धा कोयता म्हणतात. ती तीच होती. नवरा आधीच वर बसला होता, मांडीवर फडक्यात गुंडाळलेले दोन हात ठेवून. पोरीनं खालून पाण्याची घागर वर दिली आणि मग स्वतः चढली. शाळा सुरू होती त्या दिवशी. रस्त्यात गणवेशातली मुलं मी पाहिली होती.

तिनं मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी टपरीच्या मागे गेलो.

तो हंगाम संपेपर्यंत मी फार कामं घेतली नाहीत. मग एक दिवस साध्या कागदावर बुधवारची पाहणी लिहून काढली. वार, वेळ, शटरला बाहेरून कुलूप, आत माणसं, मागचं दार बंद, शेगडी, वेळापत्रक, चहा. आवारात तीन माणसे मालकाच्या संमतीने वास्तव्यास होती. खाली सही. एक प्रत कंपनीला पाठवली. उत्तर आलं, फाइल बंद झाली आहे. त्यानंतर त्यांच्याकडून काम येणं थांबलं. एक प्रत पोलीस चौकीत नेली. हवालदारानं दोनदा वाचली आणि परत दिली. "साहेब, गुन्हाच दाखल नाही. मग हा जबाब लावू कशाला? आरोपच नाही, तर सोडवू कुणाला?"

एजंटानं फोन करून शिव्या दिल्या. "वेड लागलं का तुम्हाला? कुणाचं भलं झालं यात?" मी फोन ठेवला आणि तिसरी प्रत घेऊन त्या नवराबायकोच्या गावाला गेलो.

या वेळी मी फोन केला नाही. त्यांचा नंबरही माझ्याकडे नव्हता. गावात घर विचारलं तर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गोदाम पेटीवल्याचं का?" मी होय म्हणालो. दुसरी काही खूण सांगता आली नसती.

पत्र्याची एकच खोली. पसारा तसाच पडलेला, कुणी येणार म्हणून आवरलेला नव्हता. नवरा भिंतीला टेकून बसला होता. बोटं एकमेकांना चिकटून बरी झाली होती, पंज्याचा आकार राहिला नव्हता. बाई चुलीपुढे होती. मला बघून ती दचकली नाही. "या," म्हणाली.

मी कागद पुढे केला आणि काय आहे ते सांगितलं. तिनं तो पोरीकडे दिला. पोरगी उंच झाली होती. ती वाचू लागली, माझं कार्ड वाचलं होतं त्याहून हळू. मराठी होतं तरी जोडाक्षरांना थांबत होती. 'वास्तव्यास'ला अडली, मग ते सोडून पुढे गेली. वाचून झाल्यावर तिनं कागद आईला परत दिला.

मग नवरा म्हणाला, "बरं लिवलंय."

"कवाचं हाय ह्ये?" बाईनं विचारलं.

"आत्ताचं," मी म्हणालो.

"कवाचं म्हनते मी. कवा पायलं व्हतं तुमी?"

 तिला ते माझ्याकडून कळायचं नव्हतंच. तिनं कागदाची घडी घातली आणि पत्र्याच्या फटीत, रेशनकार्डाच्या मागे खोचून ठेवली. मग चुलीवरचं पातेलं उतरवलं. चहा होता. एक कप पोरीला दिला, तिनं तो बापाच्या तोंडाशी धरला. दुसरा स्वतः घेतला आणि माझ्याकडे पाठ न करता, समोर बसून, सावकाश संपवला.

पातेल्यात अजून चहा होता. मला दिसत होता.